दोन साडू, एक मोटारहोम आणि टपातली गळती

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“आम्ही दोघे साडू. मी बोरीला राहतो, सरकारी नोकरीतून निवृत्त झालो. साडूभाऊंचा म्हापशाला धंदा आहे. तीन वर्षांपूर्वी निम्मे-निम्मे पैसे घालून टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली एक जुनी मोटारहोम, म्हणजे आत पलंग-ओटा असलेली गाडी, घेतली. आरसी त्यांच्या नावावर, गाडी माझ्या अंगणात. पहिल्या वर्षी हंपी, गोकर्ण, कोल्हापूर असं मजेत फिरलो. त्यानंतर दर महिन्याला काहीतरी निघतंच. टप गळतो, मागच्या खिडकीखालची प्लाय फुगली. दोनदा बॅटरी बदलली. रात्री सगळे नळ बंद असतानाही पंप मधूनच टकटक करतो. उंदरांनी वायरी कुरतडल्या. ते आणि झुरळं आत येऊ नयेत म्हणून गॅसच्या कपाटाच्या तळाचं भोक मी चिंध्या कोंबून बुजवलं. गॅरेजवाला इंजिन बघतो आणि ‘भितरलें काम आमचें न्हय’ म्हणून परत पाठवतो. साडूभाऊ गाडी नेतात, समुद्रावर चार दिवस राहतात, एसी लावून झोपतात आणि परत आणून लावतात. दुरुस्ती माझ्या डोक्यावर. खर्च मागितला तर म्हणतात, ‘तुमच्याकडे उभी असताना बिघडली, मी कशाला देऊ?’ आता विषय दोघी बहिणींपर्यंत गेलाय. गाडी विकावी का? ठेवली तर खर्च कसा वाटावा? आणि हे बिघडणं कधी थांबतं का?

ता. क. पावसाळ्यात ताडपत्री बांधून ठेवली तर चालेल ना?”

उत्तर:

सगळ्यात आधी त्या चिंध्या. बाकीचं नंतर वाचा. अंगणात जा, त्या भोकातल्या चिंध्या उपसून काढा आणि मग परत या.

ते भोक बांधणाऱ्याच्या हातून चुकून राहिलेलं नाही, मुद्दाम ठेवलेलं आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि एवढ्याशा बंद जागेत धोका व्हायला फार गळावा लागत नाही. तो खालच्या खाली गाडीबाहेर पडावा म्हणून कपाटाच्या तळाला ती वाट असते. उंदरांना अडवायचं तर तिथे स्टीलची बारीक जाळी स्क्रूने बसवा, हवा खेळेल आणि उंदीर बाहेर राहील. हात लागलाच आहे तर सिलिंडरची नळीही बघा. नारिंगी सुरक्षा नळीवर साल छापलेलं असतं. पाच वर्षं झाली की ती बदलायची, मग तडा दिसो न दिसो. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. गाडी रस्त्यावर असताना सिलिंडर बंद, हे साडूभाऊंनाही बजावून सांगा. या एका बाबतीत भिडेला जागा नाही.

आता तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. बिघडणं थांबत नाही. तुम्हाला कोणी वाईट गाडी गळ्यात मारली म्हणून नव्हे, मोठ्या कारखान्यातून आलेल्या नव्याकोऱ्या मोटारहोमचा मालकही सुट्टीला निघताना पाने-पक्कड घेऊनच निघतो. ओटा, सिंक, कपाटं, नळ, टाकी, भिंतीतल्या वायरी या एका जागी बसून राहण्यासाठी केलेल्या वस्तू. त्या तुम्ही पाट्यांच्या स्प्रिंगांवर चढवून अनमोड घाटातून नेता. स्क्रू सैल होतात, नळ्यांचे जोड ढिले पडतात, खिडकीच्या चौकटीभोवतीचं सीलंट ताणलं जाऊन एका कडेने सुटतं. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो वजन एका कोपऱ्यात बसतं आणि प्रत्येक वळणावर हिंदकळतं. त्यात आपला गोवा: वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस, त्यातला बहुतेक चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने खारी दमट हवा.

पण तुम्ही बोरीचे, कौलारू घर तुम्हाला नवीन नसेल. मिरगाच्या आधी मेस्त्री बोलवायचा, कौलं परतून घ्यायची, फुटकी बदलायची, कोने तपासायचे. कोणी म्हणत नाही की घर बिघडलं. ते वर्षाचं काम असतं, त्याची वेळ ठरलेली असते, त्याचे पैसे बाजूला काढलेले असतात. तुमच्या गाडीला असं पंचांगच नाही. काम तेवढंच आहे, पण ते दर वेळी भर पावसात, नाहीतर प्रवासाच्या आदल्या रात्री समोर येऊन उभं राहतं.

साडूभाऊंच्या वाक्याकडेही याच नजरेने बघा. “उभी असताना बिघडली” हे त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. मोटारहोम पळून जितकी झिजते त्याहून जास्त उभी राहून कुजते. उभ्या गाडीत ओल धरते, बॅटरी आपोआप उतरते, टायर उन्हाने तडकतात, ब्रेक पकडून बसतात, उंदीर वस्ती करतात. पण “म्हणून मी कशाला देऊ” हा त्यांनी काढलेला निष्कर्ष उलटा आहे. फिरवल्यामुळे जे झिजतं ते फिरवणाऱ्याचं. उभं राहून जे जातं ते मालकीचं, आणि मालक दोघे आहेत. गाडी त्यांच्या म्हापशाच्या अंगणात उभी असती तरी ती तशीच कुजली असती. हिशेबाकडे पुढे येतो, पण हे सूत्र धरून ठेवा.

आधी गळती, कारण बाकी सगळं थोडं थांबू शकतं, पाणी थांबत नाही.

पाणी जिथे दिसतं तिथून ते आत आलेलं असेलच असं नाही. वरचा पत्रा किंवा फायबर आणि आतली प्लाय यांच्यामध्ये सांगाडा असतो. पाणी टपावरच्या एखाद्या स्क्रूतून शिरतं, सांगाड्यावरून वाहत जातं आणि चार हात लांब, मागच्या खिडकीखाली फुगवटा काढतं. तुम्ही खिडकीभोवती सीलंट भरत बसता आणि गळती होती तिथेच राहते. म्हणून शोध पद्धतशीर हवा. कोरड्या दिवशी एक माणूस आत टॉर्च घेऊन बसेल आणि दुसरा बाहेरून नळीने पाणी सोडेल. सुरुवात खालून करायची. आधी खिडकीची खालची कड, मग बाजू, मग वरची कड, मग टपाची शिवण, आणि शेवटी टपावरचा पंखा, एसी, सोलर पॅनेलचे पाय. एकेका ठिकाणी दहा-दहा मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर सगळं एकदम भिजतं आणि काहीच कळत नाही. याहून चांगला मार्ग म्हणजे सगळ्या खिडक्या बंद करून एका फटीतून जोरकस ब्लोअरने हवा आत भरायची आणि बाहेरच्या शिवणींवर साबणाचं पाणी मारायचं. जिथे बुडबुडे, तिथे वाट. बसच्या बॉडीचं काम करणाऱ्यांकडे असा ब्लोअर असतो.

टपावर सध्या सिलिकॉन थापलेलं असणार, मी पैज लावतो. बाथरूमसाठीची ती ट्यूब कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते, म्हणून सगळे तीच आणतात. सिलिकॉनवर दुसरं काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा जुन्यावर धड बसत नाही. त्यामुळे दर वर्षी एक थर चढतो, टप ओबडधोबड होतो आणि पाणी त्या थरांच्या खालून निवांत जात राहतं. ते सगळं प्लॅस्टिकच्या खरवडणीने मुळापासून काढायचं. वेळखाऊ आणि कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पळवाट नाही. मग पंखा, एसीची चौकट वगैरे जे जे स्क्रूने बसवलंय ते उचलायचं, खाली ब्यूटिल टेप (रबरासारखी चिकट पट्टी) घालायची, परत आवळायचं, आणि स्क्रूच्या डोक्यांवर व कडांवर पॉलियुरेथेन सीलंट ओढायचं. ते लवचिक राहतं, हलत्या गाडीबरोबर ताणलं जातं. पत्रा पूर्ण कोरडा हवा, म्हणून हे काम एप्रिलचं, फार तर मेच्या पहिल्या पंधरवड्याचं. तुमचं पत्र एप्रिलमध्ये आलं हे त्यातल्या त्यात बरं.

फुगलेली प्लाय अंगठ्याने दाबून बघा. टणक लागली तर ती फक्त भिजली आहे, उन्हात दारं उघडी टाकून वाळवा. अंगठा आत गेला किंवा स्क्रू ड्रायव्हरचं टोक लोण्यात शिरावं तसं शिरलं तर ती कुजली. कुजलेला भाग कापून काढायचा आणि तिथे मरीन प्लाय घालायची. प्लायवर आयएस ७१० छापलेलं आहे याची खात्री करून घ्या, कारण दुकानदार साधी वॉटरप्रूफ प्लायही ‘मरीनच आहे’ म्हणून देतो. ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, त्याने शेजारची भिंतही तपासा. मात्र आपल्याकडे पावसाळ्यात चांगलं लाकूडही बऱ्यापैकी ओलं दाखवतं, म्हणून गाडीतल्या एखाद्या खात्रीच्या कोरड्या जागेचा आकडा घेऊन त्याच्याशी तुलना करा. एक सावधगिरी: “वरून नवा सनमायका मारून देतो, कळणारसुद्धा नाही” म्हणणारा सुतार भेटेल. कळणार नाही हे खरं आहे, पुढच्या दोन वर्षांत भिंत हातात येईपर्यंत.

बॅटरीच्या बाबतीत मात्र दोष साडूभाऊंच्या बाजूला झुकतो. हे त्यांच्यापुढे आकड्यांनी मांडा, म्हणजे आवाज चढायचं कारण राहणार नाही. गाडीत १५० ॲम्पियर-अवरची साधी लेड-ॲसिड बॅटरी असेल तर तिच्यात १२ गुणिले १५०, म्हणजे १८०० वॉट-अवर वीज असते. ही बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, उरले ९००. एक टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना सुमारे हजार वॉट ओढतो, इन्व्हर्टर स्वतःचा वाटा घेतो तो वेगळा. म्हणजे तासभरसुद्धा नाही. आगोंदच्या किनाऱ्यावर रात्रभर एसी लावून झोपणं म्हणजे दर रात्री बॅटरी तळापर्यंत खरवडणं. भरलेली बॅटरी विश्रांतीनंतर १२.७ व्होल्टच्या आसपास असते. १२.२ म्हणजे निम्मी संपली. १२ च्या खाली ती जितका वेळ पडून राहील तितका तिच्या पट्ट्यांवर कायमचा थर बसतो. त्यात गाडी परत आणून लावली आणि चार्जिंगला लावलीच नाही, तर वर्षात बॅटरी गेली यात नवल ते काय?

उपाय दोन. एक फुकट आहे: एसी फक्त बाहेरची वीज जोडली असेल तेव्हाच, एरवी पंखा. दुसरा महाग आहे: लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. ती बरीच खोलवर वापरता येते आणि वजनाला हलकी असते. पण एसीवाली पूर्ण रात्र काढायला तीही मोठी लागेल, आणि नुसती बॅटरी बदलून भागत नाही. तिच्यासाठीचा चार्जर आणि इंजिनच्या अल्टरनेटरपासून डीसी-टू-डीसी चार्जर घालावा लागतो. नाहीतर ती इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. कोणी घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी सीटखाली ठेवायला सुचवलं तर नको म्हणा. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि झोपायच्या जागेत तो साठवायचा नसतो. तोवर बॅटरीजवळ एक कटऑफ स्विच बसवून घ्या. गाडी लावली की स्विच बंद. रेडिओ, गॅस अलार्म, कुठलासा निळा दिवा असली बारीक गळतीही महिनाभरात बॅटरी पिऊन टाकते. (गॅस अलार्म बंद होतो म्हणूनच सिलिंडरही बंद हवा.)

गॅरेजवाल्यावर रागावू नका. तो खरं बोलतो. मोटारहोमला एक मेकॅनिक असतो ही समजूत सोडली की तुमचा निम्मा त्रास जाईल. इंजिन, क्लच, ब्रेक, पाटे हे त्याचं काम, त्याच्याकडेच ठेवा. टप, पत्रा, खिडक्या, शिवणी यासाठी बसची बॉडी बांधणारा शोधा. गोव्यात खासगी बस एवढ्या आहेत की अशी माणसं मिळतात, आणि गळक्या टपाचं त्यांना काडीचंही अप्रूप नसतं. वायरिंग आणि पंप यांसाठी मात्र गाडीचा इलेक्ट्रिशियन नको, मासेमारीच्या ट्रॉलरचा शोधा. खाऱ्या हवेत तांब्याची वायर प्लॅस्टिकच्या आत हिरवी-काळी पडत जाते, बाहेरून दिसत नाही, आणि मग “कधी लागतो कधी लागत नाही” असा दिव्यांचा खेळ सुरू होतो. होडीवाल्याला हे ठाऊक असतं. तो कथिलाचा मुलामा दिलेली वायर वापरतो, जोड नीट दाबून वर चिकटणारी प्लॅस्टिकची नळी गरम करून आकसवतो, आणि फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ ठेवतो. फायबरचा तुकडा बसवणारे कारागीरही तिथेच भेटतात. फक्त वेळ सांभाळा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ट्रॉलर काठाला येतात आणि याच माणसांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मेमध्येच गाठा.

हे तिघे तीन ठिकाणचे असल्यामुळे त्यांच्यात निरोप्याचं काम तुम्हालाच करावं लागणार. म्हणून गाडीचा नकाशा काढा. कुठली वायर कुठून गेली, फ्यूज कुठे, पाण्याच्या नळ्या कुठल्या कपाटामागून. जुन्या मालकाकडे असलं काही नसतं, बांधणाऱ्याने दिलेलं नसतं. एकदा काढून ठेवलात तर दर नव्या माणसाची पहिली दोन तासांची मजुरी वाचते.

आता पैसे. माझी सूचना अशी.

विमा, टपाची वार्षिक डागडुजी, टायर, शेड, बॅटरीची नेहमीची बदली हा मालकीचा खर्च निम्मा-निम्मा, कोणी किती फिरलं हे न बघता. टायर यात का, असं साडूभाऊ विचारतील. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटारहोमचे टायर नक्षी शिल्लक असतानाच वयाने म्हातारे होतात. पाच-सहा वर्षांनंतर बाजूला बारीक तडे दिसू लागले की ते घाटात नेण्याच्या लायकीचे नाहीत, मग किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. डिझेल, ऑइल, ब्रेक लायनिंग, क्लच हे किलोमीटरप्रमाणे. वही डॅशबोर्डच्या खणात ठेवा, नेताना आणि आणताना आकडा लिहा. आणि तिसरा भाग म्हणजे वापरातली हलगर्जी: एसीने बॅटरी तळाला नेली, पायरी बाहेर राहिली आणि दगडाला लागून वाकली, टाकी न रिकामी करता गाडी आणून लावली. हे ज्याच्या हातून झालं त्याचं. तुमच्याही हातून झालं असेल तर तुमचं.

यात एक गोष्ट तुम्ही मागत नाही, पण मागायला हवी. तुमचं अंगण आणि तुमचे तास. अंगणाचं भाडं साडूकडून घ्या असं मी म्हणणार नाही, गोव्यात ते कोणाला शोभणार नाही. पण श्रमांचा मोबदला दुसऱ्या रूपात घेता येतो: दिवाळीची सुट्टी, नाताळानंतरचे लांब दिवस अशा मोक्याच्या वेळी गाडीवर पहिला हक्क तुमचा. किंवा दुरुस्तीच्या दिवशी साडूभाऊंनी स्वतः हजर राहायचं. मला दुसरा पर्याय जास्त आवडतो. टपावर चढून दोन तास सिलिकॉन खरवडलेला माणूस गाडी परत आणून लावताना वेगळ्या नजरेने लावतो.

आणि हे बोलणं तुम्ही दोघांनी करा. बायकांच्या मार्फत निरोप नकोत. दोघी सख्ख्या बहिणी आहेत, त्यांना चवथीला गणपतीवर टांगलेल्या एकाच माटोळीखाली उभं राहायचं असतं. बॅटरीच्या बिलावरून त्यांच्यात अबोला झाला तर तो मोडायला मोटारहोम विकूनही उपयोग नाही.

विकायची की नाही हे आज ठरवू नका. वरची तपासणी होऊ द्या, मग गाडीच सांगेल. गळती एका-दोन ठिकाणची असेल आणि कुजलेली प्लाय हाताच्या पंज्याएवढी, फार तर दरवाजाएवढी, तर ठेवा. तुमच्या यादीतलं एकही दुखणं असाध्य नाही. पण टपाचे कोपरे दाबल्यावर खचत असतील, खालचा सांगाडा गंजून पापुद्रे सुटत असतील, किंवा मागची भिंत पूर्ण मऊ असेल, तर विका आणि गिऱ्हाइकाला कुठे गळतं ते दाखवून विका. तसल्या गाडीत घातलेले पैसे परत मिळत नाहीत. तुमच्या जागी मी असतो तर एवढा भाग मात्र बघितला असता: पहिल्या वर्षानंतर तुम्ही तिला घेऊन किती बाहेर पडलात? पत्रात पहिल्या वर्षाचीच गावं आहेत. दुरुस्तीचा कंटाळा आलाय की फिरण्याची हौसच भागलीय, हे दोन वेगळे आजार आहेत, आणि दुसऱ्यावर सीलंट चालत नाही.

विका किंवा ठेवा, आरसी काढून बघा. तुमची गाडी एखाद्या वर्कशॉपने बांधलेली दिसते. नोंदणीत ती अजून प्रवासी टेम्पो ट्रॅव्हलरच असेल आणि आत पलंग, ओटा, गॅस असेल, तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे तो परवानगीशिवाय केलेला बदल ठरू शकतो. अपघात झाला, आग लागली, तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवेल. आणि भरपाई मिळालीच तर ती आरसीवर नाव असलेल्याला, म्हणजे साडूभाऊंना. तुमचे निम्मे पैसे कुठल्याही कागदावर नाहीत. दोघांच्या सह्यांचं एक साधं करारपत्र करून घ्या. संशय म्हणून नव्हे, उद्या दोघांपैकी कोणी नसलं तर मुलांना वाद घालायला विषय नको म्हणून.

रात्रीच्या टकटकीचं काम सोपं आहे. नळ बंद असताना पंप मधूनच चालतो म्हणजे नळ्यांमधला दाब कुठेतरी उतरतोय. सिंकखालचे जोड, फ्लशचा वॉल्व्ह आणि गीझरजवळचे जोड टिश्यू पेपर गुंडाळून तपासा. पेपर ओला झाला तिथे गळती. सगळीकडे कोरडा राहिला तर पंपाच्या आतला वॉल्व्ह पाणी टाकीकडे परत सोडतोय, त्याचा दुरुस्ती संच मिळतो. तोवर झोपताना पंपाचा स्विच बंद. ही थेंबाथेंबाची गळतीही मागच्या भिंतीतली ओल वाढवत असू शकते, म्हणून टपाआधी हे तपासलंत तर बरं.

उंदरांना विष घालू नका. तो भिंतीच्या पॅनेलमध्ये जाऊन मरतो आणि मग वासासाठी भिंत उघडावी लागते. पिंजरा लावा, तांदूळ-बिस्किटं गाडीत ठेवू नका, वायरी जिथे जमिनीतून वर येतात त्या फटी स्टीलच्या काथ्याने आणि सीलंटने बुजवा. गाडी सरपणाच्या आणि नारळाच्या सोडणांच्या ढिगापासून लांब लावा.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा इंजिन दहा मिनिटं चालू करून बंद करण्याची पद्धत सोडा, त्याने फक्त डिझेल जळतं आणि सायलेन्सरमध्ये पाणी साठतं. दोन-तीन आठवड्यांनी उघडीप बघून फोंड्यापर्यंत आणि मागे अशी अर्ध्या तासाची फेरी मारा. इंजिन तापेल, ब्रेक मोकळे होतील, टायर एकाच बाजूवर बसून राहणार नाहीत. डिझेलची टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत दव धरायला जागा राहत नाही. लावताना हँडब्रेक ओढून महिनाभर ठेवू नका. सपाट जागेवर गिअर टाका आणि चाकांना लाकडी ठोकळे लावा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, दोन वर्षं झाली की बदला. घाट उतरताना तापलेल्या ब्रेकमध्ये त्या पाण्याची वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं.

राहिली ताडपत्री. नको. निळी प्लॅस्टिकची ताडपत्री घट्ट बांधली की आतली ओल आतच राहते, सप्टेंबरात उघडाल तेव्हा गाद्यांवर बुरशी असेल. शिवाय वाऱ्याने ती टपावर घासत राहते आणि रंग, सीलंट दोन्ही उतरवते. चार लोखंडी खांब आणि वर पत्रे अशी बाजूंनी उघडी शेड घाला, खर्च निम्मा-निम्मा. या पावसाळ्याआधी जमलं नाही तर गाडी उघड्यावर, पुढचं तोंड किंचित उंच करून उभी करा म्हणजे टपावर पाणी साचणार नाही. आत कपाटांची आणि फ्रीजची दारं उघडी, गाद्या काढून घरात, आणि पाऊस थांबेल त्या दिवशी खिडक्या सताड. माडाखाली लावू नका. आंब्या-फणसाखालीही नको, पानं टपाच्या पन्हळीत अडकतात आणि आत्ताच बुजवलेल्या शिवणीवर पाणी तुंबतं.